मरू नकोस, चहा होतोय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता महोदय. व्यासपीठावरचे भांडार अधिकारी आणि संघटनेचे सरचिटणीस. ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो ते आपले फोरमनसाहेब. ‘मी खालीच बसते’ असं म्हणता म्हणता शेवटी वर बसावं लागलेल्या साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी. वडिलांना न्यायला परगावाहून आलेली त्यांची लेक. मीटर कार्यशाळेतले माझे सहकारी. आणि केवळ अल्पोपाहारावर श्रद्धा ठेवून मागच्या रांगांत बसलेली इतर विभागांतली मंडळी, ज्यांच्यामुळे सभागृह भरल्यासारखं दिसतंय. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

समारंभ समितीने मला बजावून ठेवलंय, ताई, हलकंफुलकं बोला. साहेबांची तब्येत नाजूक आहे, वातावरण जड करू नका. मी म्हटलं, बरं. हलकं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे. या खात्यात दोन माणसं अशी होती, की वजन कमी व्हावं म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा कापायची. त्यांच्या संगतीत माझा संसार झाला. तेव्हा हलकं बोलायचा प्रयत्न मी मनापासून करणार आहे. जमेल की नाही, ते मात्र सांगवत नाही.

काय म्हणालात साहेब? चहा? ऐकलंत का मंडळी, सत्कारमूर्तींना चहा हवाय. चहा आहे साहेब, पण आधी आमची भाषणं सोसावी लागतील, इथे कुणालाच काही फुकट मिळत नाही. हसा, हसा, बरं वाटतं. वहिनी, तुम्ही थर्मास उघडू नका. असू दे.

तर साहेबांविषयी. आपल्याकडे शहरभरातून बिघडलेली मीटरं येतात. गाळ बसलेली, काच फुटलेली, चक्री अडकलेली. ती उघडायची, धुवायची, जोडायची, आणि बाकावर चढवून मोजलेलं पाणी त्यातून सोडून बघायचं, मीटर खरं बोलतंय की खोटं. या कामात आवाज फार, ओल फार, आणि कौतुक शून्य. पाणी आलं तर ते धरणाचं, बिल जास्त आलं तर ते आमचं. अशा जागी साहेब इतकी वर्षं फोरमन राहिले आणि त्यांनी कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. नव्या माणसाच्या हातून तबकडी पडून फुटली, तर ते काही बोलायचे नाहीत. केरसुणी आणून काचा स्वतः गोळा करायचे आणि त्याला दुसरी तबकडी द्यायचे. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं, असं त्या माणसाला वाटत असे.

त्यांची आणखी एक सवय तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. कार्यशाळेतून वरच्या कार्यालयात जायचा तो लोखंडी जिना. वर बैठक असली की साहेब जिन्याखाली उभे. आधी सगळ्यांनी चढायचं, मग ते. कुणी धापा टाकत मध्येच थांबला, तर तेही त्याच्या दोन पायऱ्या खाली थांबणार. ‘चला हो साहेब, पुढे व्हा,’ म्हटलं तरी व्हायचे नाहीत. सुटी झाली की शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत ते निघणार नाहीत. मघाशी सरचिटणीसांनी यावरूनच त्यांना ‘सौजन्यमूर्ती’ म्हटलं, टाळ्याही चांगल्या पडल्या. मीही वाजवल्या. पण ते सौजन्य नाही. ते काय आहे, हे या सभागृहात दोनच माणसांना माहीत आहे. एकाला बोलता येत नाही, आणि दुसरीला हलकंफुलकं बोलायचंय.

असो. आता या सायकलीबद्दल. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, लाल फीत बांधलेली. समितीची एक सदस्य म्हणून माझा उल्लेख झाला, तेव्हा खुलासा करते. ही सायकल समितीने साहेब आजारी पडायच्या आधी ठरवली होती. कुणीतरी जुन्या माणसाने सांगितलं, की फोरमन तरुणपणी सायकलवरून मुलुखभर भटकलेले आहेत. मग काय, सगळ्यांना उत्साह. वर्गणी जमली, दुकानात नोंदवली, आणि नंतर साहेबांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दुकानदार म्हणाला, नोंदवलेला माल परत घेत नाही. यावर समितीची बैठक झाली. बैठकीत एकमताने असं ठरलं, की सायकल द्यायची, म्हणजे साहेबांना ‘उभारी येईल’. आता ज्या माणसाला खुर्चीतून पलंगावर न्यायला दोघं लागतात, त्याला सायकल बघून कसली उभारी येणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. तुम्ही चांगल्या मनाने दिलीत हे साहेबांनाही कळतंय. रागवायचं कुणावर?

मी मघाशी ती सायकल जवळ जाऊन पाहिली. सुंदर आहे. आणि तिच्याबरोबर पेटी दिलीय, ‘संपूर्ण प्रवासी संच, एका व्यक्तीसाठी’. पंप, पाने, पंक्चरचं सामान, स्टोव्ह, भांडं, सगळं एका माणसाचं. ते वाचून मला हसू आलं आणि मग दुसरंच काहीतरी आलं, म्हणून मी तिथून बाजूला झाले. कारण साहेबांकडे आयुष्यात संपूर्ण संच कधीच नव्हता. अर्धाच होता. उरलेला अर्धा आमच्या ह्यांच्याकडे असायचा.

नव्या मंडळींना सांगते. आमचे हे म्हणजे माझे यजमान. चाचणीच्या ज्या बाकावर आज मी बसते, त्याच बाकावर ते होते. त्यांच्या पश्चात खात्याने ती जागा मला दिली, त्याबद्दल मी खात्याची ऋणी आहे, आणि हे मी केवळ अध्यक्ष समोर आहेत म्हणून म्हणत नाही. हे आणि फोरमनसाहेब एकाच दिवशी नोकरीला लागले. एकाला कुणी शोधायला आला तर दोघं सापडायचे. साहेबांना मी तेव्हा साहेब म्हणत नसे, भाऊजी म्हणत असे. ते आमच्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय डब्यात हात घालणारे गृहस्थ होते.

वर्षाची सगळी रजा साठवायची आणि एकदाच दोघांनी सायकलवर निघायचं, हा त्यांचा नेम. नकाशावर बोट ठेवायचं ते लांबच्या लांब. खिसा मात्र रिकामा. अहो, रिकामा म्हणजे किती? पिशव्या शिवल्या होत्या निवडणुकीच्या जुन्या फलकांच्या. एका पुढाऱ्याचा अर्धा चेहरा यांच्या मागच्या चाकाच्या डावीकडे आणि अर्धा उजवीकडे. तंबूचं कापड छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून घेतलेलं. तेल खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. हॉटेल नावाची गोष्ट फक्त बाहेरून बघायची आणि पाणी मागायचं. आधी पाणी मागायचं, मग गप्पा, आणि मग सहज विचारायचं, इथे आडवं व्हायला जागा मिळेल का? असे ते शाळेच्या पडवीत झोपले, अग्निशमन दलाच्या गाडीशेजारी झोपले, ट्रक तोलायच्या काट्याच्या खोलीत झोपले. एकदा शवागाराच्या ओसरीवरही झोपले, तेही सकाळी पाटी वाचल्यावर कळलं. हे घरी येऊन म्हणाले, काय शांत झोप लागली म्हणून सांगू!

या सगळ्या काटकसरीचा गाभा एकच होता, दोघांत एक. दोघांत एक पंप, दोघांत एक स्टोव्ह, एक भांडं, एक चमचासुद्धा. तंबूच्या काठ्या एकाकडे, कापड दुसऱ्याकडे. पुढच्या दांड्याला अडकवायची छोटी पिशवी, जिच्यात लागेल ती वस्तू चटकन हाताला येते, तीही एकच. ओझी रोज सकाळी बदलायची. आज स्टोव्ह ज्याच्याकडे, भांडं, चहा, साखर आणि ती छोटी पिशवी त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे. यात कुणावर अन्याय नाही आणि एक ग्रॅम जास्त नाही. मला याचं फार कौतुक वाटायचं. दोन माणसांचा एवढा भरवसा मी नवरा-बायकोतही पाहिलेला नाही, माझा संसार धरून.

आणि चढाचा नियम. सायकलवाले असतील त्यांना कळेल. चढावर कुणी कुणासाठी थांबायचं नाही, ज्याने त्याने आपल्या गतीने जायचं, कारण मध्ये थांबलं की पाय बसतात. जो आधी पोचेल त्याने वर थांबायचं आणि स्टोव्ह पेटवायचा. आणि वर पोचलेल्याने खाली यायचं नाही. घाम गाळून मिळवलेली उंची अशी सोडायची नसते. आमचे हे दम्याचे, त्यामुळे वर कायम भाऊजी आधी. मग हे खालून कुठल्यातरी वळणावरून ओरडायचे, ‘अरे थांब, मेलो मी, मेलो!’ त्यावर वरून भाऊजी ओरडायचे, ‘मरू नकोस, चहा होतोय!’ आणि मग खालून, ‘आलो, आलो!’

प्रत्येक चढावर हे नाटक व्हायचं. ठरलेलंच. आणि त्यातली गंमत अशी, की खालून ‘आलो’ ऐकू आल्याशिवाय भाऊजी चहात साखर घालायचे नाहीत. आधी घातली आणि हा उशिरा आला, तर काकवी होते म्हणायचे. मला हे सगळं कसं माहीत? मी तर एकाही सफरीला गेले नाही. घरी सासूबाई अंथरुणावर, आणि रजा आणि पैसा एकालाच पुरे. पण हे परत आले की रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात, दाराच्या चौकटीला पाठ टेकून, मला सफर सांगायचे. एका बैठकीत नाही. आज एवढीच, उद्या पुढची. मी म्हणायची, अहो संपवा ना. तर म्हणायचे, संपवली तर पुढच्या रजेपर्यंत तू काय करशील? मी चढ चढले नाही, पण प्रत्येक चढावरची ती हाक मी ऐकलेली आहे. दोघांचे आवाज काढून दाखवायचे.

अध्यक्ष महोदय, घड्याळ मलाही दिसतंय. समितीला सांगा, थोडं सांभाळून घ्या. आज नाही बोलले तर परवा साहेब लेकीकडे जाताहेत, आणि लेकीचं गाव इथून जवळ नाही.

शेवटची सफर. मोठी खिंड ओलांडायची होती. बरीच वर्षं घाटत होतं. त्या सकाळी नेहमीप्रमाणे ओझी बदलली. स्टोव्हचा दिवस भाऊजींचा. म्हणजे भांडं, चहा, साखर आणि ती छोटी पिशवी त्यांच्या सायकलीवर. छोट्या पिशवीत यांचा दम्याचा फवारा होता. तो वेगळा काढून खिशात ठेवावा, हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. सुचावं का? इतक्या सफरींत कधी अडलं नव्हतं. आणि दोघांत एक म्हणजे दोघांत एक.

भाऊजी वर पोचले. स्टोव्ह पेटवला. थांबले. नियमच होता तो. हे काही आले नाहीत. भांड्यातलं पाणी आटलं, पुन्हा टाकलं, पुन्हा आटलं. मग एका ट्रकवाल्याने वर येऊन सांगितलं, की खाली मोरीच्या कठड्याला टेकून एक सायकलवाला बसलाय, आणि त्याला हाक मारली तर तो बघत नाही.

भाऊजींनी हे मला आमच्या दारात उभं राहून सांगितलं. आत आले नाहीत. हातात ते काळं पडलेलं भांडं होतं, ते त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं. एवढंच म्हणाले, ‘वहिनी, मी वर थांबलो होतो. चहा आटून गेला. मग खाली गेलो.’ त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. आपली सायकल त्यांनी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिली. पायी कामावर यायला लागले. आणि लोखंडी जिन्यावर सगळ्यांच्या मागे राहायला लागले. आता सांगा, याला सौजन्य म्हणायचं?

मग मी इथे कामाला लागले. यांच्या बाकावर. समोरच्या बाकावर भाऊजी. मधे पाण्याचा नळ. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी काय बोललो ते मी तुम्हाला सांगू शकते. ‘अर्ध्या इंचाची किती झाली?’ ‘सील संपलंय.’ ‘पाणी बंद करा.’ भांडण नव्हतं हो. कुणी कुणाला तोडलं नव्हतं. त्यांनी मला भाऊजी म्हणू नका असं कधी सांगितलं नाही, पण मी साहेब म्हणायला लागले आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. रोज सकाळी मी ठरवायची, आज विचारायचं. संध्याकाळी हात धुताना वाटायचं, उद्या.

काय विचारायचं होतं? सगळंच. ती शेवटची सफर मला कुणी सांगितलेलीच नाही ना. बाकीच्या सगळ्या पाठ आहेत. ही एक कोरी. कुठे झोपले, काय खाल्लं, हे कुणाची नक्कल करत होते, खिंडीच्या आदल्या दिवशी पाऊस होता की ऊन, काही माहीत नाही. ज्याला माहीत तो समोर बसून मीटरच्या चक्र्या घासतोय.

पण खरं म्हणजे एकच गोष्ट विचारायची होती. त्या चढावर हाक आली होती का?

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. सांगते. हाक आली असेल, तर भाऊजींनी ती ऐकली, नेहमीचं नाटक समजले, आणि वर बसून राहिले. शेजारी फवारा असताना. हे मला कसं सोसवेल? आणि हाक आलीच नसेल, तर यांच्या छातीत हाक मारण्याइतकाही वारा उरला नव्हता, आणि त्या मोरीवर, त्या उन्हात की पावसात, ते कुणालाही न बोलवता गेले. हे तरी कसं सोसवेल? कुठलंही उत्तर आलं तरी मी मेलेच. म्हणून विचारलं नाही. मनाशी ठरवलं, भाऊजी निवृत्त होतील त्या दिवशी विचारीन. त्या दिवसानंतर रोज तोंड बघावं लागणार नाही. जे उत्तर येईल ते घेऊन घरी जाईन आणि दार लावून घेईन.

तो दिवस हा. आणि बघा काय झालं. आता त्यांना सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं, पण शब्द गेले. माझी ती सफर त्या डोक्यात आहे, इथे, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, आणि ती आता कधीही बाहेर येणार नाही. मला कुणीतरी हलकंफुलकं बोला म्हणतं. काय बोलू?

काय? चहा?

हसू नका. कृपा करून कुणी हसू नका. वहिनी, थर्मास ठेवा खाली. तुम्हीच मला मघाशी सांगत होतात, की आजारानंतर एवढा एकच शब्द उरलाय, दिवसभर चहा चहा करतात, आणि कप पुढे केला की तोंड फिरवतात. तुम्ही कंटाळून गेलात. साखर कमी घालून बघितली, दूध जास्त घालून बघितलं. वहिनी, त्यांना चहा नको आहे. मीसुद्धा मघाशी चेष्टा केली. आत्ता हे तोंडाने सांगत गेले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

भाऊजी, माझ्याकडे बघा. तुम्ही चहा मागत नाही आहात. तुम्ही उत्तर देताय.

म्हणजे हाक आली होती.

मागच्यांना दिसलं नसेल, म्हणून सांगते. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. होय म्हणाले.

आली होती हाक. ‘मेलो’ म्हणून ओरडले हे. आणि तुम्ही वरून ओरडलात, ‘मरू नकोस, चहा होतोय!’ आणि मग ‘आलो’ ऐकू यायची वाट बघत बसलात. पाणी आटलं, पुन्हा टाकलंत. साखरेची पुडी हातात धरून. ते ‘आलो’ काही आलं नाही. आणि तुम्ही अजून तिथेच बसलेले आहात. वाचा गेली, अंग गेलं, पण तिथून तुम्ही उठला नाही.

बाळ, बाबांचे डोळे पूस. तू घाबरू नकोस. मी त्यांना टोचून बोलत नाही आहे.

मंडळी, मला वाटत होतं, उत्तर मिळालं की काहीतरी होईल. रडू फुटेल, राग सुटेल, निदान छातीवरचं ओझं हलेल. काही झालं नाही. हे आले नाहीत ते नाहीतच. इतकी वर्षं गेली ती गेली. ती सफर कोरी ती कोरीच. भाऊजींना मी माफ केलं, असं इथे ध्वनिक्षेपकावर म्हटलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल, पण ते खोटं होईल. मी आत चाचपून बघितलं. माफी सापडली नाही. राग आहे, पण तोही आता म्हातारा झालाय. फक्त एवढं कळलं, की आमचे हे गेले तेव्हा त्यांनी हाक मारली होती आणि तिला ओ मिळाली होती. रोज ऐकायचे त्याच आवाजात. मरू नकोस म्हणून कुणीतरी वरून ओरडलं होतं. ते घेऊन मी घरी जाईन. पुरणार नाही ते मला. पण रिकाम्या हाताने जाणार होते, त्यापेक्षा बरं.

समितीला एक विनंती. ती एका व्यक्तीसाठीची पेटी साहेबांच्या सामानात देऊ नका. सायकल कुणा चालवणाऱ्याला द्या. आणि तिच्याबरोबर त्याला एक जोडीदार शोधून द्या, आणि दोघांना सांगा, औषध आपापल्या खिशात ठेवायचं.

आता आवरते. अध्यक्ष महोदयांनी घंटा वाजवली नाही, त्यांचे आभार. समितीने पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते विचारायचं मला धाडस नाही. वहिनी, तुम्ही या माणसाला इतकी वर्षं सांभाळलंत, आणि मी त्याच्या समोर बसून त्याला एक शब्द दिला नाही. तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. ध्वनिक्षेपकवाले, खुर्च्या मांडणारे, मागच्या रांगेतले, सगळ्यांचे आभार. हलकं बोलायचं होतं, जमलं नाही. सत्काराच्या सभेत न शोभेल असं पुष्कळ बोलले. उणं-अधिक झालं असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि भाऊजी, एक राहिलं. ज्याचं होतं त्याला ते म्हणता आलं नाही. मला त्याच्यासारखा आवाज काढता येत नाही. माझा आहे तोच चालवून घ्या.

आले, भाऊजी, आले. साखर घाला.